घर मुलांना द्यायचंय, पण कागद बँकेत आहेत

पत्र

ताई, आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहतो. माझं वय 66, यजमानांचं 71. राहतं घर यजमानांच्या नावावर आहे. 1996 साली प्लॉट घेऊन त्यांनी नोकरीतल्या पैशांतून ते हळूहळू बांधलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा हरभट रोडवरचं मुलाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान पाण्याखाली गेलं. मशीन, तांब्याची तार, गिऱ्हाइकांच्या दुरुस्तीला आलेल्या मोटारी, सगळं चिखलात. दुकान पुन्हा उभं करायला आमचं घर तारण ठेवून एका सहकारी बँकेतून 18 लाखांचं कर्ज काढलं. कर्ज मुलाच्या दुकानाच्या नावावर आहे, आम्ही दोघं सहकर्जदार. यजमानांचे कंपनीतले दोन सोबती जामीन राहिले. आज साडेबारा लाख बाकी आहे. व्याज 11 टक्के, हप्ता 23 हजार. मुलगा भरतो, कधी दहा-पंधरा दिवस मागेपुढे होतं.

मुलगी नाशिकला असते. घर तारण आहे हे तिला आम्ही आजवर सांगितलेलं नाही. तिच्या सासरी कळलं तर बरं दिसणार नाही, असं यजमानांचं म्हणणं.

दिवाळीनंतर यजमानांची अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून त्यांनी धरून ठेवलंय की घर आत्ताच दोघांच्या नावावर अर्धं अर्धं बक्षीसपत्र करून टाकायचं, मागून भांडणं नकोत. दस्त करून देणारा एक जण म्हणाला, "200 रुपयांच्या स्टॅम्पात काम होतं, बँकेला कशाला सांगता?" सून मात्र परवा बोलून गेली, "हप्ते तर आम्हीच भरतोय." काय करावं कळत नाही.

— एक आई, सांगली

उत्तर

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मी स्वतः 30 वर्षं सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काढली आहेत, त्यामुळे तुम्ही लिहिलेल्या प्रत्येक कागदाचा रंगसुद्धा माझ्या डोळ्यांसमोर आहे. आधी सरळ उत्तर देते: आत्ता बक्षीसपत्र करू नका. का, ते सविस्तर लिहिते, कारण यजमानांना पटवायचं तर तुमच्या हातात कारणं हवीत.

दस्त करणाऱ्या त्या माणसाने 200 रुपयांचं सांगितलं ते खोटं नाही. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला, मुलीला, नवऱ्याला, बायकोला, नातवंडांना किंवा दिवंगत मुलाच्या पत्नीला बक्षीस दिलं, तर मुद्रांक शुल्क 200 रुपयेच आहे. शेतजमिनीलाही हीच सवलत आहे, दुकानाच्या गाळ्याला नाही. शहरात वरून स्थानिक अधिभार लागू शकतो, तो दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्यायचा. दस्तावर यजमानांची सही, दोन साक्षीदार, मुलांची स्वीकृती आणि नोंदणी झाली की बक्षीसपत्र पुरं होतं. बँकेचा कागद जोडलेला नसतानाही तो दस्त कदाचित नोंदला जाईल. आणि फसगत होते ती इथेच. शिक्का बसला म्हणजे सगळं रीतसर झालं, असं माणसाला वाटतं.

पण घरावर बोजा, म्हणजे बँकेचं गहाण, आहे. मालकाचं नाव बदललं म्हणून बोजा उतरत नाही. प्रॉपर्टी कार्डावर यजमानांच्या जागी मुलांची नावं लागतील, आणि बँकेची नोंद होती तिथेच राहील. कर्ज तुमच्या तिघांच्या डोक्यावर तसंच राहील. म्हणजे आज तुमच्याकडे घर आहे आणि कर्ज आहे. दस्ताच्या दुसऱ्या दिवशी घर नसेल, कर्ज मात्र असेल.

बँकेला न सांगण्याबद्दल. तुम्ही तिघांनी गहाणखतावर आणि कर्जाच्या करारावर सह्या केल्यात. बँकेच्या लेखी संमतीवाचून तारण मिळकत कोणाला विकणार नाही, बक्षीस देणार नाही, भाड्याने देणार नाही, असं कलम त्यात असतंच. ते मोडलं तर बँक सगळं कर्ज एकदम परत मागू शकते. आणि हे लपतही नाही. नोंदणी झालेला दस्त सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या दस्तांच्या यादीत, दिसतो, आणि बँक अधूनमधून त्या नोंदी तपासतच असते.

त्या दोन जामीनदारांचाही विचार करा. यजमानांच्या शब्दाखातर त्यांनी सह्या केल्या, त्या घर तुमच्याकडे आहे हे पाहून. त्यांना न विचारता घर हलवलं आणि उद्या वसुलीची नोटीस त्यांच्या दारात गेली, तर तुमच्या यजमानांना त्यांच्या समोर उभं राहता येईल का? मला वाटतं, बँकेच्या कलमापेक्षा ही गोष्ट यजमानांना लवकर पटेल.

एक प्रसंग सांगते. आमच्या शाखेत एक निवृत्त शिक्षक आले होते. हातात पेढ्यांचा बॉक्स, वर सुतळी बांधलेली, आणि काखेत लॅमिनेशन केलेलं बक्षीसपत्र. घर मुलाच्या नावावर केलं होतं, त्याचे पेढे द्यायला आले होते. "आता कर्जावरही त्याचंच नाव लावून टाका," म्हणाले. साहेबांनी त्यांना समजावलं की संमती न घेता तुम्ही हे करायला नको होतं, आता मुलाला सहकर्जदार म्हणून सही करू द्या. मुलाला बोलावलं. तो आला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "घर माझं आहे. कर्ज बाबांचं आहे." सही केली नाही. मास्तर काही बोलले नाहीत. पेढ्यांचा बॉक्स टेबलावर राहिला, कोणी सुतळी सोडली नाही. पुढे तीन हप्ते थकले, खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांत, गेलं, आणि 60 दिवसांची नोटीस निघाली ती मास्तरांच्या नावाने. पत्ता त्याच घराचा, ज्यात आता ते मुलाच्या मर्जीने राहत होते.

तुमचा मुलगा तसा आहे असं मी म्हणत नाही. पूर अंगावर घेऊन दुकान पुन्हा उभं करणारा आणि सहा वर्षं हप्ते ओढणारा मुलगा आहे तो. पण उद्या धंदा बसला तर काय, हा प्रश्न दस्त करताना त्याच्या स्वभावाशी देणंघेणं न ठेवता विचारावा लागतो. सलग 90 दिवस हप्ता थकला की खातं एनपीए होतं, मग सरफेसी कायद्याखाली, म्हणजे तारण मिळकतीवरून वसुली करण्याच्या कायद्याखाली, 60 दिवसांची नोटीस आणि त्यानंतर ताबा. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या मे महिन्यात स्पष्ट केलंय. एकदा ती नोटीस आली की बँकेच्या लेखी परवानगीशिवाय घर हस्तांतरित करायलाही कायद्याने बंदी येते. दहा-पंधरा दिवसांची जी मागेपुढे होते ती म्हणूनच थांबवा. हप्त्याची तारीख दुकानाच्या वसुलीच्या तारखेनंतरची करून द्या, असा अर्ज बँकेकडे करता येतो.

आता मुलीबद्दल. तुमच्या पत्रात खरी अवघड गाठ हीच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

तुम्ही तिला अर्धं घर देणार. ते अर्धं घर तिच्या भावाच्या दुकानाच्या कर्जाला बांधलेलं आहे. बँकेने समजा संमती दिली, तरी ती कोरी देणार नाही. नव्या मालकांनी तारणाला मान्यता द्यावी, जामीनदार म्हणून सह्या कराव्यात, अशी अट घालेल. म्हणजे माहेरची भेट घ्यायला म्हणून सांगलीला आलेली मुलगी दोन सह्या करून जाईल. एक घराची, दुसरी भावाच्या कर्जाला जामीन राहण्याची. आणि बँकेला न विचारता केलंत, तर तिला यातलं काहीच कळणार नाही, जोवर तिच्या हातात नोटीस पडत नाही. बक्षीस घेणाऱ्याने ते स्वीकारावं लागतं, हे कायद्यातच आहे. काय स्वीकारतोय हे ठाऊक नसताना केलेली सही कसली स्वीकृती?

सासरी कळलं तर बरं दिसणार नाही, हे यजमानांचं म्हणणं मला समजतं. त्या पिढीत कर्ज ही लपवायची गोष्ट होती. पण 2019 च्या पुरात अर्ध्या सांगलीचं काय झालं हे नाशिकलाही ठाऊक आहे. मुलाचं दुकान वाचवायला आईबापांनी घर तारण ठेवलं, यात खाली मान घालण्यासारखं काय आहे? सहा वर्षांनी तिला ते इतरांकडून कळलं, तर तिला कर्जाचं काही वाटणार नाही. आपल्याला परकं धरलं, हे मात्र लागेल. आणि यजमानांना ज्या भांडणाची भीती वाटते, ते तिथून सुरू होईल.

सुनेचं वाक्यही मनाला लावून घेऊ नका. ती खोटं बोललेली नाही, हप्ते त्यांच्याच संसारातून जातात. पण ते हप्ते घराचे नाहीत, दुकानाचे आहेत. घर 1996 चं, ते यजमानांच्या पगारातून उभं राहिलं. घर वाचवायला मुलगा हप्ते भरतो असं दिसतं, पण घर धोक्यात आलं तेच दुकानासाठी. हे तिला रागाने सांगायचं नाही, मुलानेच तिला शांतपणे सांगायला हवं. त्याला विचारा, तो सांगेल.

यजमानांची काळजी मात्र खरी आहे, ती बाजूला सारता येणार नाही. आजारपणातून उठलेला माणूस म्हणतो, माझ्यामागे भांडण नको. त्यासाठी आज करण्यासारखं एक काम आहे, आणि ते म्हणजे मृत्युपत्र. त्याला मुद्रांक लागत नाही, बँकेची संमती लागत नाही, घर तारण असतानाही करता येतं आणि मन बदललं तर केव्हाही बदलता येतं. घर त्यांच्या स्वकष्टाचं आहे, तेव्हा कोणाला किती द्यायचं हे त्यांनी ठरवायचं. बक्षीसपत्रात जे नीट मांडता येत नाही, ते मृत्युपत्रात मांडता येतं: घर आधी पत्नीला तहहयात राहायला, तिच्यानंतर दोन्ही मुलांना निम्मं निम्मं, आणि त्या दिवशी दुकानाचं जे कर्ज बाकी असेल ते मुलाच्या हिश्शातून वजा. हे बँकेवर बंधनकारक नसतं, बँक तिचं तारण पूर्ण धरणार. पण भावाबहिणींमधला हिशोब त्याने मिटतो, आणि मुलीवर अन्याय होत नाही. दोन साक्षीदार घ्या. घर ज्यांना मिळणार त्यांना साक्षीला उभं करू नका. अँजिओप्लास्टी नुकतीच झालीय, तेव्हा त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांचा दाखला जोडा, आणि नोंदणी सक्तीची नसली तरी करून घ्या. तुम्हीही तुमचं वेगळं करा, दागिने-ठेवींचं का असेना.

बक्षीसपत्र तोंडी तरी करून ठेवू का, असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. स्थावर मिळकतीचं बक्षीस तोंडी किंवा नोटरीच्या कागदावर होत नाही. "घर तुम्हाला, त्याबदल्यात कर्ज तुम्ही फेडा" असं लिहून बक्षीसपत्र करण्याचाही सल्ला काही जण देतात. बक्षीसपत्राचा जीवच मोबदला नसण्यात आहे. बदल्यात काही लिहिलंत की ते बक्षीस आहे का विक्री, हा प्रश्न उभा राहतो आणि 200 रुपयांच्या सवलतीवरही बोट ठेवलं जाऊ शकतं.

मग कर्जाचं काय? तुमचे आकडे मांडून पाहिले. साडेबारा लाखांवर 11 टक्क्यांनी महिन्याचं व्याजच साडेअकरा हजारांच्या आसपास जातं, म्हणजे 23 हजारांतला निम्मा हप्ता व्याजात. असाच चालू राहिला तर अजून साधारण सव्वासहा वर्षं. एकरकमी 3 लाख भरले आणि हप्ता 23 हजारच ठेवला, तर साधारण 4 वर्षं 4 महिन्यांत कर्ज संपतं. जवळजवळ 2 वर्षं वाचतात आणि सव्वादोन लाखांच्या वर व्याज वाचतं. पैसे भरताना बँकेला लेखी सांगायचं की मुदत कमी करा, हप्ता नको. मुदतपूर्व फेडीचा आकार लागतो का, हे मंजुरीपत्रात पाहा. पण हे 3 लाख तुमच्या म्हातारपणाच्या ठेवीतून मोडू नका, निदान सगळे नाही. अँजिओप्लास्टीनंतर घरात हाताशी पैसा हवा. मुलाने दुकानातून काढावेत. मुलीला सगळं सांगितल्यावर तीही काही देऊ म्हणाली, तर देणगी आहे की भावाला उसने, ते चिठ्ठीवर का होईना, लिहून ठेवा.

बँकेत गेलात की एक आवर्जून विचारा: कर्ज देताना विमा काढला होता का, आणि काढला असेल तर तो कोणाच्या जिवावर? पुष्कळ घरांत हा कागद कपाटात पडून असतो आणि कोणाला ठाऊक नसतो. असा विमा असेल तर कर्ज दुसरीकडे फिरवताना किंवा नावं बदलताना तो सुटू शकतो, म्हणून कुठलाही बदल करण्याआधी त्याच्या अटी वाचा.

कर्ज फिटलं की काम संपलं, असंही नाही. रिझर्व्ह बँकेचा वैयक्तिक कर्जांसाठी नियम आहे, 1 डिसेंबर 2023 पासून लागू, सहकारी बँकांनाही; दुकानाच्या नावावरच्या तुमच्या कर्जाला तो लागू होतो का, हे बँकेत विचारा. पूर्ण फेड झाल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि बोजा काढायचा. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. तरी तुम्ही स्वतः मागे लागा. कागद घेताना यादी करून मोजून घ्या, गहाणमुक्तीचा दस्त करून घ्या आणि सिटी सर्व्हेच्या कार्यालयात जाऊन प्रॉपर्टी कार्डावरची बँकेची नोंद कमी झाल्याचा उतारा हातात घेतल्याशिवाय परत येऊ नका. फेडून दहा वर्षं झाली तरी उताऱ्यावर बोजा तसाच, आणि बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झालेली, अशी कुटुंबं मी शाखांच्या पायऱ्या झिजवताना पाहिली आहेत.

त्यानंतरही यजमानांना जिवंतपणीच घर द्यावंसं वाटलं तर जरूर द्यावं. तेव्हाही एक गोष्ट दस्तात शब्दाशब्दाने हवी: आई आणि वडील दोघांनाही त्या घरात तहहयात राहण्याचा हक्क, आणि मुलांनी त्यांचा सांभाळ, औषधपाणी करण्याची अट. 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचं कलम 23 आहे. मुलांनी सांभाळायचं कबूल करून घर घेतलं आणि मग सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण ते बक्षीसपत्र रद्द ठरवू शकतं. तो अर्ज प्रांत कार्यालयात करायचा असतो. पण 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अशी अट होती हे दाखवावं लागेल. 2025 च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने एका आईला तिची मिळकत परत दिली आणि कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचावा असं सांगितलं. तरी न्यायालयाच्या उदारपणावर आपलं छप्पर कशाला ठेवायचं? दोन ओळी लिहून घ्याव्यात. तुमच्यासाठी हे जास्तच महत्त्वाचं, कारण घर यजमानांच्या एकट्याच्या नावावर आहे. त्यांनी मुलांना दिलं आणि तुमचा हक्क लिहायचा राहिला, तर तुम्ही तुमच्याच स्वयंपाकघरात पाहुण्या ठराल.

प्राप्तिकराची चिंता करू नका. आईवडिलांकडून मुलांना मिळालेल्या बक्षिसावर कर नाही, देणाऱ्यालाही भांडवली नफ्याचा कर नाही. पुढे मुलांनी ते विकलं तर यजमानांची खरेदीची तारीख आणि खर्च धरून हिशोब होतो, म्हणून बांधकामाच्या पावत्या जपून ठेवा.

मृत्युपत्राचा मसुदा दस्त लिहिणाऱ्याकडून नको, वकिलाकडून करा. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, महिलांना तिथे सल्ला फुकट मिळतो.

पण वकिलाकडे जायच्या आधी नाशिकला फोन करा. मुलीची कामं उरकून ती निवांत असेल अशा वेळी, रविवारी दुपारी. यजमानांना शेजारी बसवा, मुलालाही बोलवा, फोन स्पीकरवर ठेवा. गहाणखताची झेरॉक्स समोर असू दे, म्हणजे ती जे विचारेल त्याचा आकडा लगेच सांगता येईल. ती आधी गप्प राहील, कदाचित रडेल, कदाचित विचारेल की मला आत्ता का सांगताय. तेव्हा घाईने काही समजावू नका. बोलायला सुरुवात यजमानांनीच करावी, तुम्ही नाही. घर त्यांनी बांधलंय, तारणही त्यांनीच ठेवलंय, आणि लपवायचंही त्यांनीच ठरवलं होतं.